सामाईक ड्राईव्हच्या नोंदी: एक संगणक, दोन बिऱ्हाडं

१९ मे २०२४

अंबाजोगाईच्या घरात पुढच्या खोलीत एकच संगणक आहे आणि त्यावर आम्ही दोघं काम करतो. दिवसा भाचा बसतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं, शाळांची प्रगतिपुस्तकं असं त्याचं काम. ते सगळं कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर चालतं, म्हणजे विंडोजवर. रात्री जेवणं उरकली की मी बसतो. माझं काम जात्यावरच्या ओव्यांचं. केज, धारूर आणि अंबाजोगाई तालुक्यांतल्या गावांत जायचं, म्हाताऱ्या बायांना दळायला आणि गायला विनवायचं, ध्वनिमुद्रण करायचं, घरी येऊन तुकडे पाडायचे आणि शब्द उतरवायचे. त्यासाठी मी लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच दुसरी प्रणाली वापरतो. दोन्ही प्रणाली एकाच एसएसडीवर सुखाने नांदतात, चालू करताना कोणती हवी ते निवडायचं.

अडचण फाईलींची आहे. भाचा विंडोजमध्ये मोबाईलवरून व्हिडिओ उतरवतो, मी लिनक्समध्ये आवाज उतरवतो आणि मधे पेनड्राईव्ह फिरतो. काल केजकडच्या एका आजींच्या ओव्यांच्या तीन प्रती सापडल्या. एकीत शेवटचं कडवं कापलेलं, दुसरीत आवाज वाढवलेला, तिसरी कोणती ते कळेना. मूळ कोणती हे ठरवायला दीड तास गेला. मूळ आवाजाबाबत शंका राहणं मला चालणार नाही.

म्हणून ठरवलं: जुनी १ टीबीची हार्डडिस्क जोडायची आणि तिच्यावर दोघांना उघडेल, दोघांना लिहिता येईल असा एक सामाईक ड्राईव्ह करायचा. मूळ मुद्रणं तिथंच राहतील. पेनड्राईव्ह बंद.

२० मे

फाईल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवायची पद्धत, कोणती घ्यायची यावर आजची रात्र गेली.

फॅट३२ दोन्हीकडे चालतं, पण त्यात एक फाईल ४ जीबीच्या पुढे जात नाही. आवाजाचं एकवेळ भागलं असतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशा मुद्रणाला सेकंदाला २ लाख ८८ हजार बाइट लागतात, म्हणजे तासाला साधारण १ जीबी. पण जात्यावर बसलेल्या आजींचा ५२ मिनिटांचा व्हिडिओ साडेसहा जीबीचा झाला आहे. फॅट३२ गेलं.

एक्स्ट४ हे लिनक्सचं घरचं. विंडोजला ते स्वतःहून वाचता येत नाही, बाहेरचा ड्रायव्हर, म्हणजे ती पद्धत वाचायला शिकवणारा छोटा प्रोग्राम, घालावा लागतो. भाच्याच्या पोटापाण्याच्या यंत्रात असा ड्रायव्हर घालायला मन धजत नाही.

राहिले एक्सफॅट आणि एनटीएफएस. एक्सफॅट २००६ साली आलं, मोठ्या फाईली घेतं आणि लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २०२० च्या ५.७ आवृत्तीपासून नीट बसलेलं आहे. पण त्यात जर्नल नाही. जर्नल म्हणजे 'आता मी हे बदलणार आहे' अशी आधी टिपून ठेवलेली नोंद. मधेच लाईट गेली तर परत आल्यावर त्या नोंदीवरून डिस्कचा हिशोब जुळवता येतो. आमच्याकडे मे-जूनमध्ये वारा सुटला की पहिली लाईट जाते. यूपीएसची बॅटरी तर दोन वर्षांपूर्वीच बसली आहे. म्हणून एनटीएफएस. १९९३ पासूनचं आहे, जर्नल आहे, विंडोजचं स्वतःचं आहे आणि लिनक्सला एनटीएफएस-३जी या ड्रायव्हरने वाचता-लिहिता येतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. हे जर्नल डिस्कची रचना जपतं, कोणती फाईल कुठं आहे एवढं. फाईलच्या पोटात काय आहे ते जपत नाही.

२६ मे

डिस्क जोडली. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. भाच्याला वाटलं दुकानदाराने फसवलं. तसं नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून आकडा कमी दिसतो.

७०० जीबी सामाईक ठेवले आणि उरलेली जागा नंतरच्या प्रतींसाठी मोकळी सोडली. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा आखलेला भाग, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच केलं, कारण एनटीएफएस हे विंडोजचं आहे, त्याची आखणी त्यानेच करावी. 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढली. डिस्क जुनी, तिचा कुठला भाग खराब असेल तर आत्ताच कळू दे. पूर्ण फॉरमॅटला पावणेदोन तास लागले. खराब काही निघालं नाही. नाव दिलं 'सामाईक'.

२७ मे

लिनक्समध्ये हा ड्राईव्ह दर वेळी हाताने उघडावा लागू नये म्हणून एफएसटॅब या फाईलीत ओळ घातली. ती ओळ कशाची बनली आहे ते मला पुढे आठवावं म्हणून लिहून ठेवतो.

पहिला भाग यूयूआयडी, म्हणजे त्या ड्राईव्हचा ओळखक्रमांक. डिस्कचं नाव आज एसडीबी असेल, उद्या केबल दुसऱ्या खाचेत गेली तर एसडीसी होईल, पण यूयूआयडी बदलत नाही. पुढे माउंटची जागा, म्हणजे ड्राईव्ह ज्या फोल्डरात उघडतो ती. हिचं नाव मात्र रोमन अक्षरांत ठेवलं. संगणक अर्धवट चालू होऊन काळ्या पडद्यावर अडकला, तर त्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही, नुसते चौकोन येतात आणि नेमक्या अडचणीच्या वेळी वाचता येत नाही.

मग पर्याय. यूआयडी आणि जीआयडी दोन्ही १०००, म्हणजे मिंटमधला पहिला वापरकर्ता, मी. डीमास्क ०२२ आणि एफमास्क १३३, म्हणजे फोल्डर उघडतील पण प्रत्येक ध्वनिफाईल 'चालवता येणारा प्रोग्राम' अशी दिसणार नाही. विंडोज-नेम्स, त्याचं कारण पुढे कधी कळेल तेव्हा लिहीन. आणि नोफेल. हा शब्द विसरला आणि डिस्कची केबल सैल झाली, तर मिंट त्या डिस्कची वाट बघत थांबतं आणि शेवटी दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर नेऊन सोडतं. शेवटचे दोन्ही आकडे शून्य.

संगणक बंद करून चालू केला. ड्राईव्ह आपोआप आला. एक फाईल लिहिली, विंडोजमध्ये जाऊन वाचली, तिथं बदलली, परत आलो, बदल दिसला. फार बरं वाटलं.

लिनक्समधलं माझं होम फोल्डर मात्र इकडे आणायचं नाही. मालकी, परवानग्या, छोट्या स्क्रिप्टा यांचं एनटीएफएसवर जमत नाही. इथं फक्त मुद्रणं, व्हिडिओ, फोटो आणि उतरवलेले शब्द.

२ जून

रात्री बसलो तर ड्राईव्ह उघडतोय पण त्यात काही ठेवता येईना. 'पेस्ट' फिकं पडलेलं. नवा फोल्डरही होईना. टर्मिनलमधून माउंट करून पाहिलं तेव्हा संदेश आला. त्याचा मथितार्थ असा: डिस्कची स्थिती सुरक्षित नाही, तिची काही माहिती विंडोजने स्वतःजवळ धरून ठेवली आहे, म्हणून फक्त वाचायला देतो. आधी विंडोज पूर्ण बंद करून या.

भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, मी बंद करूनच उठलो की. शट डाउनच केलं बगा." त्याने खरंच शट डाउन केलं होतं. फरक शट डाउनच्या अर्थात आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. त्यात शट डाउन केलं की वापरणाऱ्याचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा मेमरीतून उचलून डिस्कवर एका मोठ्या फाईलीत ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी सुरुवात पहिल्यापासून न होता तिथून होते. त्या ठेवलेल्या गाभ्यात सामाईक ड्राईव्हचं चित्रही असतं: कोणतं फोल्डर कुठं, किती जागा मोकळी. मधल्या वेळात लिनक्सने तिथं काही लिहिलं, तर सकाळी विंडोज जुनं चित्र घेऊन जागं होईल आणि माझ्या नव्या फाईलीवर तेच चित्र लादेल. ड्राईव्हची नासाडी होईल. एनटीएफएस-३जीने लिहू दिलं नाही ते बरं केलं.

गावाकडं आमची विहीर सामाईक होती. चार दिवस आमची पाळी, चार दिवस चुलत्यांची. पाळी संपली की मोटार बंद, स्टार्टरची पेटी उघडी, पाइप मोकळा करून जायचं असा रिवाज. एक उन्हाळा असा गेला की चुलते पाइप त्यांच्या सऱ्यांत तसाच जोडून, पेटीला कुलूप लावून घरी जायचे, "पुढल्या पाळीला तिथूनच धरतो" म्हणून. पाणी विहिरीत होतं, पाळी आमची होती, आणि वडील पेटीसमोर उभे. आज मला ते दिवस आठवले. सामाईक वस्तू एका वेळी एकाचीच असते. तिचं सगळं चालणं जाणाऱ्याने पूर्ण निघून जाण्यावर आहे.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडला आणि 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही आज्ञा दिली. याने हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून संगणक बंद करणं) आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात, शिवाय ती मोठी फाईलही जाते. आमच्या ८ जीबी रॅमवर ३ जीबीच्या वर जागा मोकळी झाली. भाच्याचं म्हणणं होतं, चालू व्हायला वेळ लागेल. घड्याळ लावून पाहिलं, एसएसडीवर सात-आठ सेकंदांचा फरक पडला. त्याने मान्य केलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवायला. एक, फास्ट स्टार्टअप चालू असतानाही 'रीस्टार्ट' हे पूर्ण बंद करूनच होतं. म्हणून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलो की सगळं ठीक दिसायचं आणि मला घोळ कळायचा नाही. दोन, हाच नियम मलाही लागू. लिनक्स हायबरनेट करून उठायचं आणि सकाळी भाच्याने विंडोज चालू करायचं, हे तितकंच घातक. माझ्याकडचं हायबरनेटही बंद केलं.

९ जून

मृग लागला. रात्री चांगला पाऊस झाला, रानात पेरणीची घाई आहे. आता बाया दिवसा सापडायच्या नाहीत, मुद्रण संध्याकाळीच.

आज वेळेचा घोळ निघाला. परवा आजींचं मुद्रण संध्याकाळी ७ ला केलं. भाच्याने लगेच घरी येऊन विंडोजमध्ये त्या फाईलीची छाटलेली प्रत करून ठेवली. फाईलीवर वेळ दुपारी २ ची. दुपारी २ ला आजी शेतात होत्या आणि आम्ही घरी. आधी रेकॉर्डरवर संशय घेतला. मग लक्षात आलं की फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे, आणि प्रत साडेसातला केली होती.

कारण असं. संगणकाच्या बोर्डवर एक बारीक घड्याळ असतं, वीज नसतानाही सेलवर चालणारं. लिनक्स त्यात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळातली वेळ स्थानिक समजतं. इंटरनेट असेल तर विंडोज मागाहून वेळ दुरुस्त करून घेतं, पण पावसात नेट नव्हतं.

उपाय दोन. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, 'घड्याळ यूटीसीचं आहे' असं सांगायचं किंवा लिनक्सला सांगायचं की घड्याळ स्थानिक धर. दुसरा केला, टाइमडेटसीटीएलच्या एका आज्ञेत झालं. लिनक्स त्यावर इशारा देतं की हे बरं नव्हे. ज्या देशांत उन्हाळा-हिवाळ्याला घड्याळ पुढे-मागे करतात तिथं दोन्ही प्रणाली आपापला तास सरकवतात आणि गोंधळ होतो. आपल्याकडे तसं काही नाही, वर्षभर साडेपाच म्हणजे साडेपाच. म्हणून भाच्याच्या बाजूला हात न लावता माझ्या बाजूने सोडवलं.

आधीच्या अकरा फाईलींच्या वेळा वहीवरून पडताळून दुरुस्त केल्या. वही ठेवायची सवय कामी आली.

१५ जून

नावांवर बरंच लिहायचं आहे, कारण हा त्रास देवनागरीत काम करणाऱ्यालाच होतो.

मी फाईलीला ओवीच्या पहिल्या चरणाचं नाव देत होतो, पुढे गाव, आजींची खूण, तारीख. सामाईक ड्राईव्हवर बिनतक्रार चाललं. आज एक फाईल छाटणीसाठी माझ्या होम फोल्डरात घ्यायला गेलो तर 'नाव फार लांब'. जे नाव एका डिस्कवर चालतं ते दुसरीवर का चालू नये?

एनटीएफएस नावाची लांबी यूटीएफ-१६ या अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या एककांत मोजतं, मर्यादा २५५, आणि देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक. एक्स्ट४ ची मर्यादाही २५५ च, पण ती बाइटांत. लिनक्समध्ये नावं यूटीएफ-८ मध्ये असतात. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये बसवलेल्या या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. चिन्ह म्हणजे अख्खं अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजायचं. 'अंबाजोगाई' आपण पाच अक्षरांत म्हणतो, पण त्यात नऊ चिन्हं आहेत, म्हणजे २७ बाइट. 'ज्ञानेश्वरी' अकरा चिन्हांची, ३३ बाइट. म्हणजे एक्स्ट४ वर मराठी नाव ८५ चिन्हांत संपतं. माझं नाव ९६ चिन्हांचं होतं.

दुसरं याहून चिवट. 'तिसऱ्या' या शब्दाने सुरू होणाऱ्या एकाच नावाच्या दोन फाईली एकाच फोल्डरात शेजारी दिसल्या. असं होऊच शकत नाही. दोन्ही नावं मोठी करून पाहिली, काहीच फरक दिसेना. शेवटी चिन्हं सुटी करून पाहिली तेव्हा उलगडलं. माझ्या कळफलकावरून 'ऱ' हे एकच चिन्ह, हलन्त आणि 'य' असं लिहिलं जातं. भाच्याच्या विंडोजमधल्या टंकनात साधा 'र', हलन्त, मग न दिसणारा एक जोडक आणि 'य'. पडद्यावर दोन्ही वेळा तोच ऱ्य. संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द, म्हणून दोन वेगळ्या फाईली. 'तिसऱ्या' शोधलं की एकच सापडायची, दुसरी हरवल्यासारखी. किती फाईली मी अशा 'हरवल्या' समजून पुन्हा उतरवल्या असतील कोण जाणे.

तिसरं छोटं. लिनक्समध्ये नावात विसर्गासारखा दोन टिंबांचा कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालतं. विंडोजमध्ये चालत नाही. लिनक्सने एनटीएफएसवर असं नाव लिहिलं तर ते विंडोजमध्ये दिसतं पण उघडत नाही. एफएसटॅबमधला विंडोज-नेम्स हा शब्द असं नाव लिहूच देत नाही. माझ्या एका फाईलीत '७:१०' अशी वेळ होती, ती त्याने नाकारली.

ठरलं: फाईलीचं नाव आखूड. गावाची खूण, आजींचा क्रमांक, मुद्रणाचा क्रमांक. 'केज-०७-०३' एवढंच. ओवीचा पहिला चरण, तारीख, वेळ सगळं सोबतच्या मजकूर-फाईलीत. माझ्या मनाला हे थोडं लागलं, कारण फोल्डर उघडलं की ओव्या दिसायच्या, आता क्रमांक दिसतात. पण हरवण्यापेक्षा हे बरं.

२१ जून

वटपौर्णिमा. दुपारी धारूरकडच्या एका गावात वडाखाली बाया जमल्या होत्या. पूजा झाल्यावर एका घराच्या ओसरीवर जातं मांडलं. ८४ वर्षांच्या आजींनी उपास असूनही दोन तास गायलं. "हात फिरल्याबिगर ववी येत न्हाई बाबा," म्हणाल्या आणि मूठभर ज्वारी घेऊन बसल्या. सात मुद्रणं झाली. शेवटचं १७ मिनिटांचं, माहेरच्या वाटेवरच्या ओव्यांचं. मी ऐकलेल्यांत सगळ्यांत चांगलं.

रात्री साडेदहाला कार्डावरून फाईली सामाईकवर घेतल्या. कॉपी न करता 'कट' केलं, कार्ड सकाळी भाच्याला एका कार्यक्रमाला हवं होतं म्हणून. खिडकीतली पट्टी भरली, 'झालं' आलं. मी हेडफोन उचलतोय तोवर लाईट गेली.

पाऊण तासाने आली. सहा फाईली ठीक. सातवी दिसते, आकारही पूर्ण, २९४ एमबी. पण सहाव्या मिनिटापुढे आवाजाची रेघ सपाट आहे. कार्ड रिकामं. कार्डावरून परत मिळवायचे दोन प्रोग्राम चालवून पाहिले, ही फाईल त्यांत आली नाही.

२३ जून

काय झालं ते नीट समजून घेतलं.

फाईल मॅनेजर 'झालं' म्हणतो तेव्हा माहिती डिस्कवर उतरलेलीच असते असं नाही. ती आधी मेमरीत ठेवली जाते आणि सवडीने उतरवली जाते, लिनक्समध्ये साधारण अर्ध्या मिनिटापर्यंत ती तशी थांबू शकते. कार्डावरचं पुसणं मात्र लगेच झालं. म्हणजे इकडून उचललं, तिकडे पूर्ण ठेवलं गेलं नाही, आणि मधे वीज गेली. डिस्कच्या रचनेत फाईलची जागा नोंदली गेली होती, पोटातला आवाज नव्हता. २० मे च्या नोंदीत मीच लिहिलं आहे की जर्नल पोटातलं जपत नाही.

लिनक्समध्ये एनटीएफएसची दुरुस्ती करणारी एनटीएफएसफिक्स आज्ञा आहे, पण ती वरवरची चूक सुधारते आणि पुढचं काम विंडोजच्या तपासणीवर सोपवते. म्हणून विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क चालवलं. दोन किरकोळ दुरुस्त्या झाल्या, बाकी ड्राईव्ह ठणठणीत. सामाईक ड्राईव्ह एनटीएफएसचा ठेवायचा असेल तर विंडोज काढून टाकता येत नाही. ज्याने घर बांधलं त्यालाच त्याची डागडुजी येते.

आजपासूनची रीत, भिंतीवर लावली आहे:

कार्डावरून कधीच 'कट' नाही, फक्त कॉपी. कॉपी झाली की 'सिंक' ही मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवणारी आज्ञा आणि ती परत येईपर्यंत थांबणं. मग दोन्हीकडच्या फाईलींचे शा-२५६ आकडे, म्हणजे फाईलीच्या पोटातल्या माहितीवरून निघणारे ठसे, जुळवणं. मग बाहेरच्या डिस्कवर दुसरी प्रत. कार्ड त्यानंतरच पुसायचं. भाच्याला कार्ड हवं असेल तर दुसरं कार्ड घ्यायचं.

यूपीएसची बॅटरी आज बदलून घेतली.

३० जून

आजींकडे पुन्हा गेलो. खरं काय झालं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "वारा आला आन् वारा गेला. बस, पुन्ना म्हणते," म्हणाल्या. जातं मांडलं.

माहेरच्या वाटेच्याच ओव्या, पण त्या वेगळ्या आल्या. तेव्हा वाटेत नदी होती, आज नदीआधी बाभळीचं बन आलं. भावाचं नाव तेव्हा दोनदा होतं, आज सात वेळा. चाल तीच, दळण तेच, गाणारी तीच. पहिल्या मुद्रणातली सहा मिनिटं आणि आजची २३ मिनिटं मी एकाखाली एक ठेवली आहेत, 'धारूर-०२-०७-अ' आणि 'धारूर-०२-०७-आ'. पहिल्याची सपाट रेघ छाटलेली नाही. तिथं ११ मिनिटं काही तरी होतं, हे फाईल उघडणाऱ्याला कळायला हवं.

१४ जुलै

आषाढीला तीन दिवस राहिले. ओळखीच्या निम्म्या बाया पंढरीच्या वाटेवर आहेत, म्हणून घरातली कामं.

ड्राईव्हवर हिशोबापेक्षा ३८ जीबी जास्त वापरलेले दिसत होते. भाच्याने शोधलं: टिंबाने सुरू होणारं 'ट्रॅश-१०००' नावाचं फोल्डर. मी लिनक्समध्ये जे पुसतो ते या ड्राईव्हवरच त्या फोल्डरात जाऊन बसतं आणि विंडोजला ती कचरापेटी आहे हे कळत नाही. भाचा विंडोजमध्ये पुसतो ते रिसायकल बिनच्या फोल्डरात जातं, ते माझ्या कचरापेटीत दिसत नाही. आपापली पेटी आपापल्या बाजूने रिकामी करायची. लिनक्समध्ये टिंबाची फोल्डरं लपलेली असतात, विंडोजमध्ये उघडी दिसतात, म्हणून त्याला सापडलं.

कर्नेलच्या ५.१५ आवृत्तीपासून आलेला एनटीएफएस३ हा नवा ड्रायव्हर तासभर वापरून पाहिला. आमच्या जुन्या डिस्कचाच वेग कमी, तिथं फरक जाणवेना. जुन्यावरच राहिलो.

११ ऑगस्ट

गेले पाच आठवडे ड्राईव्ह एकदाही अडला नाही. लाईट चार वेळा गेली, यूपीएसने सांभाळून घेतलं.

आज एक गोष्ट झाली ती लिहायलाच हवी. ड्राईव्ह समोरच असल्याने भाचा पत्रिका करताकरता ओव्या लावून ठेवतो, हे मला माहीत नव्हतं. दुपारी मी शाळेत असताना त्याने केजच्या आजींचं मुद्रण ऐकलं आणि शेजारची मजकूर-फाईल उघडली. नोटपॅडमध्ये पूर्वी लिनक्सच्या फाईली उघडल्या की सगळ्या ओळी एकात एक मिसळून यायच्या. २०१८ च्या अखेरीस विंडोज १० मध्ये ते सुधारलं, त्यामुळे ओव्या ओळीवार दिसल्या. मी एका ओवीत 'झाडावरी मूठ' असं उतरवलं होतं आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलं होतं, अर्थ लागत नव्हता म्हणून.

संध्याकाळी आलो तर म्हणाला, "मामा, झाड न्हाई ते. चाडं हाय. तिफणीचं चाडं. आज्जी पेरणीचं म्हणायलीय की."

हेडफोन लावून तो तुकडा पाचदा ऐकला. चाड्यावरी मूठ. तिफणीच्या चाड्यावर बियाणं सोडणारा हात. मी तीन महिने ती ओवी झाडाखाली बसवून ठेवली होती.

रात्री लिनक्समध्ये फाईल उघडली तेव्हा शब्द बदललेला होता आणि प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. फाईलीवरची वेळ दुपारी ३ वाजून १२ मिनिटांची, आणि ती बरोबर होती.